दोनदा थोपटलं की सोडायचं

दिगंबरराव टेकाळ्यांशी हात मिळवायचा असेल तर आधी नखं दाखवावी लागतात. प्राथमिक शाळेत सोमवारी बाई बघायच्या ना, तशीच. दोन्ही पंजे पालथे करून पुढे धरायचे. दिगंबरराव चष्मा कपाळावर चढवून दहाही बोटांवरून नजर फिरवणार. एखादं नख वाढलेलं दिसलं की भर यार्डात शर्ट वर करून करदोट्याला बांधलेला नेलकटर ओढणार आणि म्हणणार, "उजवा अंगठा. आना हिकडं."

एकदा एका बड्या अडत्यानं, दिवाळीच्या पाडव्याला, गळ्यात हार असताना, मोठ्या दिलानं हात पुढे केला. दिगंबररावांनी त्याची करंगळी कापून दिली. म्हणजे नख. पण तो असा ओरडला की यार्डभर निरोप करंगळीचाच गेला.

मी अहमदपूरच्या त्याच मार्केट यार्डात सौदा पुकारतो. समोर सोयाबीनचा नाहीतर तुरीचा ढीग, भोवती खरेदीदार, आणि मधे मी उभा राहून गळ्याच्या जोरावर भाव वर चढवणार. दिगंबरराव तिथे मापाडी. आधी वीस वर्षं हमाली केली, पाठीवरून पोती वाहिली, मग काट्यावर आले. वय चौपन्न, अंगकाठी खुरप्याच्या दांड्यासारखी घट्ट, आणि छंद एमएमए.

एमएमए म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावून सांगितलं.

"कुस्ती अधिक बॉक्सिंग अधिक ज्यूदो," ते म्हणाले, "आन त्यातून लाज वजा."

हा छंद त्यांना दीड वर्षापूर्वी लागला. आमच्याच गावची प्रज्ञा नावाची मुलगी, जी पूर्वी भीमजयंतीच्या लेझीम पथकात सगळ्यांत पुढे असायची, ती पुण्याला जाऊन हे मारामारीचं शास्त्र शिकून आली आणि एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर तिनं क्लास उघडला. खाली युरिया, वर एमएमए. जमिनीवर अंथरायला तिला बालवाडीतल्या त्या रंगीत फोमच्या चौकोनी लाद्याच मिळाल्या, एकेका लादीवर एकेक इंग्रजी अक्षर. त्यामुळे दिगंबरराव सकाळी यार्डात येऊन अशा बातम्या सांगत: "आज मला 'के'वर पाडलं, 'एम'वर दाबलं, आन 'क्यू'वर गळा धरला."

"मग?"

"मग काय? टॅप केलं."

हा टॅप म्हणजे दिगंबररावांचा खरा धर्म. या खेळात समोरच्यानं हात-पाय पिळला, गळा आवळला आणि सोसवेना, की त्याच्या अंगावर नाहीतर जमिनीवर दोनदा थोपटायचं. थोपटलं की त्यानं त्याच क्षणी सोडायचं. विचारायचं नाही, अजून एक हिसका द्यायचा नाही, सोडायचं. दिगंबररावांना हे इतकं आवडलं की त्यांनी तो नियम सगळ्या तालुक्याला लागू केला. यार्डातले साहेब रागावले की ते टेबलावर दोनदा थोपटत. एसटीत शेजारचा माणूस जावयाची तक्रार सांगायला लागला की त्याच्या मांडीवर दोनदा थोपटत.

कंधारला एका लग्नात जेवायला बसलो होतो. जिलेबीवाला आला. दिगंबररावांनी पुरे म्हणून पत्रावळीवर दोनदा थोपटलं. त्यानं दोन जिलेब्या वाढल्या. दिगंबररावांनी चपापून पुन्हा दोनदा थोपटलं. त्यानं आणखी दोन वाढल्या आणि कौतुकानं पाहिलं. तोंडानं "बास" म्हणावं, तर नियम मोडतो! सहा जिलेब्या झाल्यावर मीच त्या पोराचा हात धरला.

"दिगंबरराव, नुसतं नको म्हणायचं ना!"

"कामून? त्याला समजायला पाहिजे," ते पाकात बुडालेल्या पत्रावळीकडे बघत शांतपणे म्हणाले. "ज्याला तोंड न्हाई त्यानं काय करावं?"

तेव्हा मला वाटलं, जिलेबी डोक्यात गेली.

तब्येतीची पथ्यं तर विचारू नका. दुपारी चारनंतर चहा बंद, स्वतःचा आणि ज्याच्या शेजारी बसतील त्याचाही. बहुतेक वेळा तो मीच.

"बाबूराव, चार वाजून गेले. कप ठिवा खाली."

"अहो, अर्धाच हाय."

"अर्धा कप चहा म्हंजे अर्धी झोप गेली. झोप गेली की डोकं तापतं. डोकं तापलं की मान बाहेर येती. मान बाहेर आली की समदं खलास."

"कुणाची मान?"

"तुमची! गळा हे तुमचं भांडवल हाय ना? मग झाकून ठिवा. डोकं थंड, मान आत."

'डोकं थंड, मान आत' हे त्यांचं ब्रीद. काट्याच्या पाटीवर त्यांनी ते खडूनं लिहून ठेवलं होतं. कासव बघून माणसाला गुरू भेटल्यासारखा आनंद होतो हे मी फक्त दिगंबररावांच्या बाबतीत पाहिलं.

ज्वारीची भाकरी ते काट्यावर तोलून खात. रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून, हौदात टाकून, त्यात गळ्यापर्यंत बसत आणि बाहेर आल्यावर निळ्या ओठांनी "लई मोकळं वाटलं" म्हणत. रात्री साडेआठला झोपायचे, पण मोबाइलमध्ये एकचा आणि चारचा गजर. कशाला, विचारलं तर म्हणायचे, "राउंड असतो." आम्ही म्हणायचो, हा माणूस स्वप्नातल्या मारामारीलासुद्धा वेळेवर उठतो.

दंड-बैठकाही ते मापाड्याच्या रीतीनं मोजत. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. प्रज्ञा मॅडमचा सगळा क्लास आता तसाच मोजतो. नव्यानं आलेल्या मुलाला वाटतं, 'लाभ' हा जपानी शब्द असणार.

पण सगळ्यांत मोठा वैताग म्हणजे त्यांचा सराव. क्लासमध्ये पैलवान होते, तरणी पोरं होती. दिगंबररावांना मात्र मी लागायचो. मी ब्याण्णव किलो. हा आकडा त्यांनीच माझं वजन करून, सौद्याच्या वेळी, मोठ्यानं जाहीर केलेला आहे. सौदा संपला की मला रिकाम्या पोत्यांवर बसवायचे.

"अंग सोडा."

"म्हंजे?"

"ढिलं पडा. उजवी बाजू तर बिलकुल मेल्यासारखी. मला मदत करू नका. माझ्यावर उपकार करा, आन मदत करू नका."

मग माझ्या काखांखालून हात घालून, पाठीमागे पंजे एकमेकांत अडकवून, आपली कंबर माझ्या कंबरेला लावून, एका गिरकीत मला उभं करायचे आणि शेजारच्या खुर्चीत ठेवायचे. ठेवायचे, आदळायचे नाहीत. आणि लगेच: "कुठं दुखलं का? दुखलं तर टॅप मारायचं. लाजायचं न्हाई."

आमचा रशीदभाई हमाल हे बघून म्हणायचा, "क्या मामू, ये बाबूराव को कायको सताते? सोयाबीन का पोता उचलो ना. वो भी ढिला पडता."

"पोतं सांगत न्हाई रशीदभाई," दिगंबरराव म्हणत, "कुठं दुखलं ते."

सगळे हसायचे. मीही हसायचो, उचललेल्या अवस्थेत.

घरची परिस्थिती आम्हाला ठाऊक नव्हती असं नाही. अडीच वर्षांपूर्वी सुमनवहिनींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मूलबाळ नाही. विचारलं की दिगंबरराव "हाय, बरी हाय" म्हणायचे आणि विषय नखांवर न्यायचे. आम्ही पुरुष माणसं, तेवढ्यावर समाधान मानायचो. घरी सुखदुःख असलं की माणूस बाहेर काहीतरी नाद लावून घेतो, असं मी चार लोकांत शहाण्यासारखं सांगायचो.

मग लातूरची स्पर्धा आली. चाळिशीच्या वरच्या हौशी लोकांसाठी, एका मंगल कार्यालयात. प्रत्येक क्लासची चार नावं पाहिजेत, नाहीतर कुणालाच प्रवेश नाही. प्रज्ञा मॅडमची तीन भरत होती. चौथं नाव दिगंबररावांचं.

"मॅडमनी मला इतकं शिकवलं," ते म्हणाले, "आता एका नावासाठी त्या तिघांचं नुकसान कामून करू? उभं तर ऱ्हायचं हाय."

उभं राहायचं म्हणे! मी यार्डात बोंब ठोकली. अहमदपूरचा मापाडी लातूरला मापात घेणार! तीन मिनिटांचा एक, असे तीन राउंड. दिगंबरराव तिन्ही राउंड टिकणार, नाहीतर मी आठ दिवस सौदा पुकारणार नाही, असा शब्द मी सगळ्यांसमोर देऊन बसलो. रविवारी भाड्याच्या जीपमध्ये दिगंबरराव आणि आम्ही अकरा जण कोंबून बसलो.

जीपमध्ये दिगंबररावांनी एकच प्रश्न चार वेळा विचारला. "माझी लढत आधी लावतील ना? मेहुणी आलीय मुखेडहून घरी थांबायला. तिला संध्याकाळची गाडी पाहिजे."

लातूरला पहिलं संकट वजनाचं. सत्तर किलोच्या आत पाहिजे, आणि आयोजकांच्या काट्यावर दिगंबरराव सत्तर किलो चारशे ग्रॅम भरले. टेबलामागचा पोरगा म्हणाला, "काका, बाद."

हमाली धरून तीस-बत्तीस वर्षं ज्याचा जन्म काट्यापाशी गेला, त्याला एक पोरगा काट्यावरून बाद म्हणतो! दिगंबरराव हसले. पिशवीतून त्यांनी काय काढावं? सरकारी शिक्क्याचं दहा किलोचं लोखंडी माप. अहमदपूरहून ते मांडीवर घेऊन आले होते. मला वाटलं, डबा आहे. त्यांनी आधी वाकून काट्याखालची फरशी बघितली, काटा अर्धा हात डावीकडे सरकवला, वर माप ठेवलं. आकडा आला दहा किलो सातशे.

"सातशे ग्रॅम जास्त दावतोय तुमचा काटा," ते म्हणाले. "शिवाय बारदाना वजा करा."

"काय वजा करा?"

"बारदाना. माल तोलताना पोत्याचं वजन वजा धरतेत ना? माझी चड्डी दोनशे ग्रॅमची हाय."

पोरगा वरच्या साहेबाकडे गेला. साहेब आला, मापावरचा शिक्का बघितला, आणि दिगंबररावांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. इतर क्लासचे पंधरा जण आपापलं वजन नव्यानं करून घ्यायला रांगेत उभे राहिले, आणि पुढचा अर्धा तास दिगंबररावांनीच सगळ्यांना तोललं. लाभ, दोन, तीन. स्पर्धा तिथंच संपली असती तर आम्ही त्यांना खांद्यावर घेऊन परतलो असतो.

पण मग लढत झाली.

समोर लातूरचे केमिस्ट्रीचे सर होते. क्लासवाले. पंचेचाळिशीचे, गुबगुबीत, आणि मागे त्यांचे साठ विद्यार्थी "सर! सर!" करत बसलेले. मी माइकवाल्याला बाजूला सारून, सौद्याच्या आवाजात दिगंबररावांना पुकारलं: "एक नंबर माल! काडी नाही, कचरा नाही, ओल नाही! अहमदपूरचे दि-गं-ब-र-राव!" अकरा जणांनी छत उचललं.

शिट्टी वाजली. दिगंबरराव मान आत घेऊन पुढे गेले. सरांनी त्यांचा उजवा हात धरला, दोघे खाली पडले, सरांनी हात दोन्ही मांड्यांत घेतला आणि कोपर ताणायला सुरुवात केली. सुरुवात, असं मी म्हणतोय. अजून ताणलासुद्धा नव्हता. आणि दिगंबररावांनी सरांच्या गुबगुबीत पोटरीवर दोनदा थोपटलं.

नऊ सेकंद.

सरांना स्वतःलाच पटेना. त्यांनी विचारलं, "नक्की?" विद्यार्थी टाळ्या विसरले.  फक्त प्रज्ञा मॅडम उभ्या राहून जोरात टाळ्या वाजवत होत्या आणि ओरडत होत्या, "शाब्बास काका! एकदम वेळेवर!" मला वाटलं, पोरगी खुळी झाली.

दिगंबररावांनी सरांना नमस्कार केला, सवयीनं त्यांची नखं बघितली, कोपर तीनदा वाकवून बघितलं आणि कपडे चढवून थेट एसटी स्टँडकडे निघाले. मला म्हणाले, "तुमी समदं बघून या. मला गाडी हाय." लोखंडी माप तिथंच विसरून.

परतीच्या जीपमध्ये नऊ जणांनी मिळून मला अहमदपूरपर्यंत सोललं. "बाबूराव, आठ दिवस गळ्याला आराम!" "बाबूराव, नऊ सेकंदांत तर तुमचा खोकलासुद्धा होत न्हाई!" रशीदभाई तेवढा म्हणाला, "मामू को कुछ तो मजबूरी होगी." पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

सोमवारी सकाळी दहा किलोचं माप पिशवीत घालून मी त्यांच्या घरी निघालो. माप निमित्त. चार शब्द सुनवायचे होते. एकेका पावलाला एकेक शब्द जड होत गेला, अर्धा रागानं आणि अर्धा मापानं.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीतून आवाज आला, "लाभ... दोन... तीन."

मी उंबऱ्यापाशीच थांबलो. सुमनवहिनी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. मूळच्या थोराड बांध्याच्या, त्यात अंगाची उजवी बाजू ओल्या गोणीसारखी लोंबलेली. दिगंबरराव समोर गुडघ्यात वाकलेले, हात त्यांच्या काखांखालून पाठीमागे गेलेले, पंजे एकमेकांत अडकलेले, कंबर कंबरेला लागलेली. वहिनींची हनुवटी त्यांच्या खांद्यावर. 'तीन'ला त्यांनी वहिनींना उभं केलं आणि चाकाच्या खुर्चीकडे वळायला लागले.

वहिनींच्या डाव्या हातानं त्यांच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

दिगंबरराव जागच्या जागी थिजले. तेवढं वजन अंगावर घेऊन, एक पाय अर्धा वळलेला, पुतळ्यासारखे. "कुठं? काखेत?" मग हलकेच कोपर खाली सरकवलं. थांबले. पाठीवर एकदा थोपटल्याचा आवाज आला. तेव्हा पुढे वळले आणि वहिनींना खुर्चीत ठेवलं. ठेवलं, आदळलं नाही.

माझ्या हातातली पिशवी खाली टेकली, ठण्ण झालं, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"या बाबूराव. माप ऱ्हायलं व्हतं न्हाई का? बसा. हा हिच्या आंघोळीचा टाइम हाय."

मी बसलो.  दिगंबररावच बोलायला लागले, वहिनींच्या डाव्या हाताची नखं कापता कापता.

"पयलं वरीसभर मी हिला कसं उचलायचो माहीत हाय का? पोत्यासारखं. वीस वरसं तेच केलं, दुसरं येतंय कुठं? मिठी मारायची आन हिसका द्यायचा. हिला वरडायला आवाज न्हाई. एक दिवस काखेत बघतो तर काळंनिळं. माझी बोटं उमटलेली, पाचची पाच. किती दिवसांपासून, काय माहीत." त्यांनी नखाचा तुकडा फुंकून टाकला. "तवाच मॅडमच्या हॉलखालून युरियाची थैली आनायला गेलो व्हतो. वर आवाज कशाचा म्हून डोकावलो. एका धिप्पाड गड्यानं पोराला दाबून धरलेलं. पोरानं दोनदा थोपटलं, आन त्या गड्यानं लगेच सोडलं. तोंडातून शब्द न्हाई. म्हटलं, आपल्याला हेच पाहिजे. एकदा थोपटलं तर चालू द्या, दोनदा थोपटलं तर सोडा. हिला दोन दिवसांत आलं. मलाच दीड वरीस लागलं."

"आणि रात्रीचा राउंड?"

"कूस बदलायला लागती की. न्हाईतर पाठ सडती."

वहिनींनी दुसरं बोट पुढे केलं.

"काल त्या सरांनी हात धरला ना," ते म्हणाले, "आणखी दोन सेकंद थांबलो असतो तर निघालाबी असता. मॅडमनी शिकवलंय निघायचं. पण कोपर गेलं असतं तर? आज हिला कोन उचलनार? तुमी?"

मी ब्याण्णव किलोचा माणूस, सौदा पुकारणारा. पण तेव्हा मी नुसता मापाची पिशवी भिंतीकडे सरकवत बसलो.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. डावा हात त्यांनी माझ्याकडे आणि मग दिगंबररावांच्या उजव्या कोपराकडे नेला, आणि भुवया उंचावल्या.

"इचारतीय, काल काय झालं," दिगंबरराव पुटपुटले. "मी तिला सांगितलं, थोडा वेळ झाली लढत."

मी उभा राहिलो. खाकरलो. आठ दिवस पुकारायचं नाही असा शब्द दिला होता, पण तो यार्डापुरता.

"वहिनी!" मी म्हणालो, "काय सांगू तुम्हाला! लातूरचं मंगल कार्यालय, पाय ठेवायला जागा नाही! समोर केमिस्ट्रीचा सर, हा एवढा राक्षस! शिट्टी वाजली, आन आपले दिगंबरराव मान आत घेऊन असे गेले, असे गेले..."

दिगंबररावांचे कान लाल झाले. त्यांनी खाटेच्या लाकडावर दोनदा थोपटलं.

नियम म्हणजे नियम. मी तोंड मिटलं.

 मग वहिनींनी डावा हात उचलला, ताजी कापलेली नखं, आणि खुर्चीच्या दांडीवर एकदा थोपटलं. माझ्याकडे बघत. त्यांच्या ओठांची डावी बाजू वर गेली होती.

मी दिगंबररावांकडे पाहिलं. त्यांनी मान आत घेतली.

पहिला राउंड मी खुर्चीवर चढून सांगितला. दुसऱ्यात सरांना दोनदा पाडलं. तिसऱ्यात साठ विद्यार्थी पक्ष बदलून दिगंबररावांच्या नावानं ओरडायला लागले, तेव्हा वहिनींचं अर्धं अंग हसण्यानं हलत होतं आणि दिगंबरराव पाठ फिरवून बादलीत गरम पाणी ओतत होते, गरजेपेक्षा बरंच जास्त वेळ.

राउंड तीनच होते. वहिनींनी पुन्हा थोपटलं, एकदाच.

मी चौथा सुरू केला.